जाताना वजन, येताना वजन

पुस्तकं वाचलेली दिसली पाहिजेत, असा निर्णय आकारामांनी एका मंगळवारी सकाळी दात घासता घासता घेतला. चूळ भरेपर्यंत तो पक्का झाला. खरं तर चूळ भरल्यावर माणसानं जरा थांबावं, चहा घ्यावा, बायकोला विचारावं. पण आकारामांनी सतरा वर्षं सैन्यात काढली होती आणि तिथं निर्णय झाला की लगेच चालू पडायचं असतं. (कुठं, ते नंतर कळतं.)

गाव कवठे महांकाळच्या पुढं, जतच्या रस्त्याला. नाव सांगत नाही, कारण आकारामांनी मला शपथ घातली आहे. गावात त्यांना मेजर म्हणतात. निवृत्त झाले तेव्हा ते हवालदार होते. पण आमच्याकडं सैन्यातून परत येणारा माणूस एसटीतून उतरेपर्यंतच हवालदार असतो, स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी पोचला की मेजर होतो. त्यातही बंदुकीशी आकारामांचा संबंध कमीच. त्यांची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. बूट, ब्लँकेटं, बादल्या, मच्छरदाण्या. स्टोअरवाल्याचं आयुष्यात एकच स्वप्न असतं, वही आणि फळी जुळली पाहिजे. आणि ती जुळवायची सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे कुणाला काही द्यायचंच नाही.

अशा माणसाला गावानं वाचनालयाचा ग्रंथपाल केलं.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या शेजारची एक खोली. तिथं जुन्या कादंबऱ्या होत्या, पोथ्या होत्या, पोलीस भरतीची गाईडं होती. तीन वर्षांपूर्वी त्यात बेचाळीस मोठ्या पुस्तकांची भर पडली. या गावचेच लालासाहेब लहानपणी शिकायला बाहेर पडले आणि पुढं शहरांचे नकाशे आखण्यात त्यांचा जन्म गेला. ते वारल्यावर त्यांच्या मुलीनं, दीपमालाताईंनी, त्यांच्या कपाटातली कलेवरची पुस्तकं पुण्याहून टेम्पोनं पाठवून दिली. कपड्यांच्या फॅशनवरचं, जुन्या शहरांच्या इमारतींवरचं, विणकामावरचं, मूर्तींवरचं, अशी एकेक पुस्तकं पाटाएवढी. मांडीवर घ्यायची तर बाळंतिणीनं बसावं तसं भिंतीला टेकून बसावं लागायचं.

आकाराम ती बघून हरखले. त्यांनी एकही उघडलं नाही, पण प्रत्येकाला जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं, पाठीवर नंबर टाकला आणि काट्यावर वजन केलं. हो, वजन. वाचनालयात काटा ठेवणारं अख्ख्या सांगली जिल्ह्यात हे एकच वाचनालय असावं. रजिस्टरला त्यांनी चार रकाने पाडले: पुस्तक क्रमांक, वाचकाचे नाव, जाताना वजन, येताना वजन. कुणी एखादं पान फाडून ठेवून घेतलं तर? आल्यावर काट्यावर टाकायचं, लगेच सापडेल. भिंतीवर पाटी लावली: ‘पुस्तकावर डाग पाडणाऱ्याचे सभासदत्व कायमचे रद्द. हुकमावरून.’

मग वाचक यायला लागले. म्हणजे येऊन जायला लागले.

शिलाईचं दुकान चालवणारी चांदबी एकदा मोठ्या आशेनं आली. “आकारामभाऊ, त्ये कपड्यांचं पुस्तक जरा बघू की.”

“हात धुऊन ये.”

चांदबी हापशावर हात धुऊन आली.

“ओले हायत. वाळवून ये.”

चांदबी दारात उन्हात हात धरून उभी राहिली. हात वाळेपर्यंत आकारामांनी घड्याळ बघितलं. “वेळ संपली. उद्या ये.”

गावातल्या अर्जुना गवंड्याचंही तसंच झालं, मेंढरं राखून घरी मागावर घोंगडी विणणाऱ्या हरिबाचंही तसंच झालं. पुढं कुणी आलं नाही. तीन वर्षांत एकही पान दुमडलं नाही, याचा आकारामांना केवढा अभिमान! फळीवर बेचाळीस, वहीत बेचाळीस.

आणि त्या सोमवारी दीपमालाताईंचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारी मी गावी येते आहे, बाबांच्या पुस्तकांचं काय झालं ते बघायचं आहे, असं त्यात होतं. लोक ती वाचत असतील तर घरी आणखी दोनशे आहेत, तीही पाठवते. पण ती नुसती पडून असतील तर मला वाईट वाटेल, आणि मग ही बेचाळीससुद्धा मी साताऱ्याच्या एका कॉलेजला देईन, तिथली मुलं ती मागताहेत.

पत्र वाचून आकारामांनी आधी दाराबाहेर बघितलं. कारण व्हरांड्यात सरपंच वीरधवलनं आणून ठेवलेले डंबेल्स होते. सरपंच तिशीचा, तब्येतीचा शौकीन. त्याला त्या खोलीत व्यायामशाळा काढायची होती आणि तो रोज जाता-येता खिडकीतून आत टेप धरल्यासारखं बघायचा. मोठी पुस्तकं गेली की खोली जाणार, हे उघड होतं. आणि खोली गेली की आकारामांनी सकाळी दहा वाजता इस्त्रीचा शर्ट घालून जायचं कुठं? निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष त्यांनी घरात बसून काढलं होतं. त्या वर्षात त्यांनी अंजनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर टाकले होते. ते वर्ष पुन्हा नको, यावर नवरा-बायकोचं पूर्ण एकमत होतं.

“सोपं हाय की,” अंजनाबाई म्हणाल्या. “आठ-धा दिस हायत. वाटून टाका लोकांना. वाचतील.”

“वाटून?” आकाराम दचकले. “आणि खराब झाली म्हंजे?”

“आवं, तुमाला ती वापरल्याली दिसाय पायजेत का नकोत?”

“दिसाय पायजेत. वापराय नकोत.”

असा तो मंगळवारचा निर्णय. सैन्यात नवे बूट इन्स्पेक्शनला जुने कसे दाखवायचे, हे ज्याला माहीत आहे त्याला पुस्तकं काय अवघड? त्यांनी फळीवरची पहिली तीन, क्रमांक एक, दोन आणि तीन, पोत्यात घालून घरी आणली. आत काय आहे ते बघायचा प्रश्नच नव्हता. एकपासून सुरुवात करायची असते.

प्लास्टिकची कव्हरं काढून कोपऱ्यात ठेवली आणि कामाला लागले. आधी चहा. वाचणारा माणूस चहा पितो, म्हणून कप बशीत जरा हिंदकळून क्रमांक एकवर ठेवला. गोल डाग नीट उमटेना, तेव्हा दुसरा कप. मग तिसरा. मग तेलाचं बोट. मग हळद.

अंजनाबाई पीठ मळता मळता बघत होत्या. “हळद कशाला? लगीन हाय व्हय त्याचं?”

“स्वयंपाक करता करता बायका वाचतात, तसं दिसंल.”

“कोन बाई? मला तर तीन वर्सांत हात लावू दिला न्हाई.”

आकाराम न ऐकल्यासारखं करून पानांचे कोपरे मुडपत राहिले. त्यांना त्रास होत होता बरं का! एकेक कोपरा मुडपताना ते डोळे मिटून घेत होते. मग पुस्तकं पिवळी पडावीत म्हणून गच्चीवर उन्हात उघडून ठेवली. तासाभरानं बघायला गेले तर पुस्तकं होती तिथंच होती, पण शेजारी अंजनाबाईंनी काढून ठेवलेली कव्हरं अंथरून त्यांच्यावर सांडगे घातले होते.

“ही सरकारी कव्हरं हायत!”

“लय गुळगुळीत हायत. सांडगा चिकटत न्हाई,” अंजनाबाई म्हणाल्या. “आनखी हायत का?”

तीन पुस्तकांना दोन दिवस गेले. राहिली एकोणचाळीस. चहा पिऊन पिऊन आकारामांना पित्त झालं. तेव्हा त्यांनी ठरवलं की नमुन्यादाखल तीन पुरेत. बाकीचं काम रजिस्टर करील. बुधवारी संध्याकाळी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: क्रमांक एक, चांदबी. क्रमांक दोन, हरिबा. क्रमांक तीन, अर्जुना. ही तीनच नावं का? कारण तीन वर्षांत मागायला आलेली तीच तीन माणसं त्यांना आठवत होती. मनाला कुठंतरी बोचत असणार, पण ते कबूल करतील तर शपथ. वजनाच्या रकान्यात मात्र जाताना जे, तेच येताना, ग्रॅमला ग्रॅम जुळवून लिहिलं. तिथं त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीनं घात केला, ते पुढं येईलच.

गुरुवारी दीपमालाताईंचा फोन आला. “मला तुमच्या वाचकांनाही भेटायला आवडेल. दोघा-तिघांना थांबवून घ्याल?”

“घेतो की,” आकाराम म्हणाले आणि फोन ठेवून खुर्चीत बसले. खुर्ची जरा बाजूला होती.

शुक्रवारी सकाळीच ते हरिबाच्या वाड्यावर गेले. हरिबा मेंढरांना पाणी दाखवत होता.

“हरिबा, गुरवारी पुन्याची बाई येनार हाय. तिला एवढंच म्हनायचं, ‘पुस्तक फार उपयुक्त आहे.’ म्हन बघू.”

“कंचं पुस्तक?”

“कंचं का असंना. म्हन.”

“बघितल्याबिगर कसं म्हनू, मेजर? मेंढरू न बघता कोन म्हनल का, लय गुनाचं हाय म्हनून?”

चांदबीनं तर मशीन थांबवून सरळ दोन्ही हात पुढं केले. “वाळल्यात. बघा. आता द्या.”

इलाज नव्हता. घरची तीन पुस्तकं हळदीचा वास मारत होती, ती देता येईनात. मग आकारामांनी फळीवरून कपड्यांचं क्रमांक आठ चांदबीला, शहरांच्या इमारतींचं क्रमांक तेवीस अर्जुनाला आणि विणकामाचं क्रमांक सतरा हरिबाला दिलं. काट्यावर टाकून, वजन लिहून. पुस्तक हातातून सोडताना त्यांचा चेहरा लेकीला सासरी धाडणाऱ्यासारखा झाला होता. शनिवारी साताऱ्याला त्यांच्या जुन्या पलटणीच्या माणसांचा मेळावा होता, तिथं दोन दिवस मुक्काम. जाताना वाचनालयाची किल्ली अंजनाबाईंकडं दिली आणि बजावलं, “कुनाला काय बी देऊ नगंस.”

“बरं,” अंजनाबाई म्हणाल्या.

(लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी या ‘बरं’चा अर्थ ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी आपण तरी काय करणार?)

सोमवारी सकाळी आकारामांनी वाचनालयाचं दार उघडलं. मोठ्या पुस्तकांची फळी रिकामी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लख्ख पुसलेली, रिकामी फळी. त्यांनी आधी दार बाहेरून बघितलं, आपलंच आहे ना म्हणून. मग घरी धावले. गच्चीवर दोऱ्या, खाटा, कठडा, सगळीकडं प्लास्टिकची कव्हरं पसरलेली आणि त्यांवर सांडगे, कुरडया, बटाट्याचे पापड.

“अंजे! पुस्तकं कुठायत?”

“लोकं घिऊन गेली.”

“सगळी?”

“शनवारी चांदबीच्या दुकानात त्ये पुस्तक बायकांनी बघितलं. मग आल्या की समद्या. ‘आमाला बी द्या’ म्हनाल्या. बायका आल्या म्हनून बाप्ये आले. एकेकाची वजनं लिवल्यात, बघा वहीत.” आणि मग जरा मायेनं, “तुमच्यासारखीच. ग्रॅमपातुर.”

आकारामांनी वही बघितली. छत्तीस नावं. एका जागी ‘सरपंच’ असंही होतं. गुरुवारी बाई येणार आणि फळीवर काय दाखवणार, तर हळद लागलेली तीन पुस्तकं! त्यांनी सायकलला काटा बांधला आणि वसुलीला निघाले.

अर्जुना अंगणवाडीच्या भिंतीवर काम करत होता. क्रमांक तेवीस वाळूच्या ढिगावर, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर उघडं होतं.

“अर्जुना! पुस्तक दे.”

“दोन थर ऱ्हायल्यात, मेजर. हे बघा तरी.” पुस्तकातल्या फोटोत कुठल्यातरी उन्हाच्या देशातली भिंत होती, विटा एकाआड एक सोडून जाळी केलेली. समोर अर्जुनानं अंगणवाडीच्या पश्चिमेच्या भिंतीला तशीच जाळी अर्धी उभी केली होती. “हात लावा. आत या. वारं कसं येतंय! पोरं दुपारी भाजून निघत हुती हितं.”

खरंच वारं येत होतं. आकारामांनी पुस्तक उचलायला हात घातला, तोच वाऱ्यानं पानं उलटली आणि ते जागच्या जागी थांबले. उत्तरेतल्या एका शहराचं जुनं रेल्वे स्टेशन. तिथं त्यांनी तरुणपणी तीन हिवाळे काढले होते, मालडब्यांतली खोकी मोजत. पण फोटोत वर एक घुमट होता, त्यावर निळ्या-हिरव्या काचांची नक्षी, आणि तिच्यातून ऊन खाली सांडलेलं.

“ह्ये वर असं हुतं?” ते स्वतःशीच म्हणाले. “मी तीन वर्सं खाली खोक्यांकडंच बघत हुतो.”

कमरेवर हात ठेवून ते बराच वेळ त्या घुमटाकडं बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि मग त्याहून जास्त ती पुढची पानं बघावीशी वाटली. पण अर्जुनानं पुस्तक हलकेच ओढून घेतलं. “माझ्या नावावर हाय, मेजर. गुरवारी देतो.”

चांदबीकडंही तेच. दुकानात आठ-दहा बायका, आणि क्रमांक आठ मधोमध. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बाईच्या फुगीर बाहीचा नमुना चांदबी वर्तमानपत्रावर कापत होती. “ह्या बाहीत हात वर करता येतो, भाऊ. ऊस बांधायला बी आनि नाचायला बी. थांबा, चार बाह्या ऱ्हायल्यात.”

आणि हरिबा? हरिबा गावातच नव्हता. मेंढरं घेऊन जतच्या बाजूला चारणीला गेला होता, आणि क्रमांक सतरा त्याच्याबरोबर, घोंगडीत गुंडाळून घोड्यावर.

गुरुवारी सकाळी दहाला दीपमालाताई आल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, बोलणं हळू. सरपंच वीरधवल हार घेऊन पुढं. दारात चांदबी आणि अर्जुना आपापली पुस्तकं छातीशी धरून उभे. ताई आत आल्या, फळीकडं बघितलं. फळीवर तीन पुस्तकं.

“बाकीची?”

“वाचकांकडं हायत,” आकाराम म्हणाले. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं खरं वाक्य होतं जे त्यांना स्वतःलाच खोटं वाटलं.

“एकोणचाळीसच्या एकोणचाळीस?”

“गेली म्हनायची ती, ताई,” सरपंचांनी संधी साधली. “मी म्हनतच हुतो, हितं व्यायामशाळा...”

ताईंनी क्रमांक एक उघडलं. चहाचे तीन गोल. तेलाची बोटं. हळद. मग त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. “चांदबी कोण?”

“मी.”

“पुलांच्या बांधणीवरचं हे पुस्तक तुम्ही वाचलंत?”

“पूल?” चांदबी म्हणाली. “मी पूल कशाला शिवू?”

“हरिबांनी वाचलेलं क्रमांक दोन युरोपातल्या टोप्यांवरचं आहे. आणि अर्जुनांच्या नावावर नाचातले पोशाख.” ताईंनी वर बघितलं. “एवढे डाग पडलेत, पानं मुडपलीत, आणि तिन्हींच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही. हे कसं काय, आकारामजी?”

आकाराम उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि कबूल केलं. तीन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, डाग मीच पाडले, नावंही मीच लिहिली. “पर ती एकोनचाळीस खरीच बाहीर हायत, ताई. त्ये माझं काम न्हाई. त्ये आमच्या मंडळींचं हाय.”

मग चांदबीनं पुढं होऊन क्रमांक आठ टेबलावर ठेवलं. “मी आलेय परत द्यायला. घ्या मोजून.”

सवयीनं आकारामांनी ते काट्यावर टाकलं. “जाताना दोन किलो तीनशे दहा.” ते थांबले, चष्मा पुसला. “येताना दोन किलो तीनशे पंच्याऐंशी. पंच्याहत्तर ग्रॅम जास्त?”

ताईंनी पुस्तक उघडलं. पानापानांतून वर्तमानपत्राचे कापलेले नमुने निघाले, बाह्या, गळे, कफ. खुणेला घातलेल्या चिंध्या, दोऱ्याची गुंडी, दोन टाचण्या. एका नमुन्यावर ‘प्रांजलची बाही, दोन बोटं सैल’ असं लिहिलं होतं. अर्जुनाचं तेवीस नंबर आलं. तीस ग्रॅम जास्त: विटांची पूड आणि मापं लिहिलेले चुन्याच्या पुडीचे कागद. ताई त्या चिठ्ठ्या एकेक उचलून बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा बदलत चालला होता.

“सतरा नंबरचं कुठं आहे? बाबांचं सगळ्यांत आवडतं.”

“त्ये मेंढरांबरोबर गेलंय,” आकाराम म्हणाले.

ताईंनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. “चला.”

मग ताईंची गाडी, पुढं ताई, मागं आकाराम, त्यांच्या मांडीवर काटा आणि शेजारी वाट दाखवायला सरपंच. जतच्या रस्त्याला एका माळावर मेंढरं पसरली होती. हरिबा बाभळीच्या विरळ सावलीत बसला होता, मांडीवर क्रमांक सतरा, आणि भोवती आणखी दोन मेंढके वाकून बघत होते.

“मेजर, बरं झालं आला!” तो लांबूनच ओरडला. “ह्यो काठ बघा!”

बर्फाच्या डोंगरातल्या कुठल्याशा लोकांनी विणलेल्या ब्लँकेटचा फोटो होता. हरिबानं खांद्यावरची घोंगडी शेजारी पसरली. काळ्यात पांढरी, पायऱ्यापायऱ्यांची किनार. दोन्हीकडं तीच.

“ह्यो माझ्या आज्ज्याचा काठ हाय. तिकडं कसा ग्येला ह्यो? का त्येंच्याकडनं आमच्याकडं आला? दोन दिस झालं, आमी तिघं त्याचाच ईचार करतोय. आनि हितं शिसपेन्सिलीनं कायतरी लिवलंय, त्ये काय वाचता येईना.”

ताई खाली बसल्या. फोटोच्या कडेला लालासाहेबांचं बारीक अक्षर होतं. त्यांनी मोठ्यानं वाचलं: “लहानपणी मी पांघरायचो त्या घोंगडीला असाच काठ होता. गावात अजून कुणी विणतं का, जाऊन विचारायचं.” पुढचं वाचायला काही नव्हतं. ताईंनी डोळ्यांना पदर लावला. “बाबांचं जायचं राहून गेलं. विचारायचंही.”

“इनतो की,” हरिबा म्हणाला. लालासाहेब समोरच बसलेत अशा आवाजात म्हणाला. “मी इनतो अजून.”

आकारामांनी काटा दगडावर सपाट ठेवला, कारण त्यांना दुसरं काही सुचलं नाही. क्रमांक सतरा, जाताना अडीच किलो. येताना अडीच किलो आणि वीस ग्रॅम. पानोपानी खुणेला लोकरीची पुंजकी होती. ताई रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, “ती राहू द्या. काढू नका.”

बेचाळीस पुस्तकं गावातच राहिली आणि दोनशे येणार, हे त्या माळावरच ठरलं. सरपंचांनी व्यायामशाळेचं नावही काढलं नाही. डंबेल्स समाजमंदिराच्या ओसरीवर गेले, कारण क्रमांक बारा, मूर्तींवरचं, खुद्द त्यांच्याच घरी होतं आणि ते रोज पुस्तक भिंतीला टेकवून, समोर उभे राहून, व्यायाम करता करता त्यातल्या एका संगमरवरी गड्याचे दंड बघत होते.

परत आल्यावर निघताना ताईंची नजर भिंतीवरच्या पाटीकडं गेली. “डाग पाडणाऱ्याचं सभासदत्व कायमचं रद्द. हुकूम कुणाचा आहे हा?”

“माझाच,” आकाराम म्हणाले.

ताई त्या तीन पुस्तकांकडं बघून नुसत्या हसल्या. पण आकाराम नियमाचे पक्के. त्यांनी सभासदांची वही काढली, पहिलं नाव त्यांचंच होतं, त्यावर पट्टी धरून लाल रेघ मारली आणि खाली तारीख टाकून सही केली.

आता वाचनालयात दोनशे बेचाळीस मोठी पुस्तकं आहेत आणि ग्रंथपालाला त्यांतलं एकही घरी नेता येत नाही. क्रमांक तेवीस, ते काचांच्या घुमटाचं, अंजनाबाईंनी आपल्या नावावर घरी आणलं आहे. रोज दुपारी जेवणं झाली की त्या भिंतीला टेकून, ते मांडीवर घेऊन, सावकाश एकेक पान बघतात. परवा आकारामांना राहवेना.

“अंजे, जरा त्या टेशनाचं पान बघू दे की.”

अंजनाबाईंनी पुस्तकातून मान वर केली नाही. “हात धुऊन या.”

आकाराम मोरीत गेले, साबण लावून, कोपरापर्यंत हात धुऊन आले आणि समोर धरून उभे राहिले. अंजनाबाईंनी ते उलटेसुलटे करून बघितले.

“ओले हायत,” त्या म्हणाल्या. “वाळवून या.”